साध्या पानाचा हिशेब

‘आज जेवायला काय केले होते?’ असे कोणी विचारले, तर मराठी घरातून बहुधा एकच उत्तर येते : ‘विशेष काही नाही, साधेच.’ पुरणपोळी झाली असेल तर तिचे नाव घेतले जाते. श्रीखंड असेल तर ते कसे जमले होते हेही सांगितले जाते. परंतु वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी तीनशेहून अधिक दिवस जे पानात पडते, त्याला नाव नाही. ते ‘साधेच’. या शब्दाची फोड करून पाहिली, तर त्यातून वरण निघते, भात निघतो, एखादी पालेभाजी किंवा फळभाजी निघते, पोळ्या अथवा भाकरी, चटणी, कोशिंबीर, लोणच्याची फोड आणि सरतेशेवटी ताक. म्हणजे सात-आठ जिनसा झाल्या. प्रत्येकीचा विस्तव निराळा, प्रत्येकीला लागणारा वेळ निराळा, आणि तरीही सगळ्या एकाच घटकेला तयार व्हायला हव्यात. एखाद्या कारखान्यात असे काम असते, तर त्यासाठी नियोजनाचा स्वतंत्र विभाग निघाला असता. घरात ते एका माणसाच्या डोक्यात चालते. आणि त्या माणसाला विचारले, तर ते म्हणते, विशेष काही नाही.

पाकशास्त्राच्या पुस्तकांनीही या साधेपणाकडे पुष्कळ दिवस कानाडोळाच केला. मराठीत अशी पुस्तके छापून येऊ लागली ती एकोणिसाव्या शतकात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मधले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० मधले. हजार पाकक्रिया जिच्या हाती द्यायच्या, तिला वरणभात येतच असणार, हे गृहीत धरलेले होते. आणि ते खोटेही नव्हते. आई, सासू, आत्या, मोठी जाऊ यांच्यापैकी कोणी ना कोणी चुलीपाशी असेच, आणि तिच्या शेजारी उभे राहून मुलगी जे शिके त्याचे नाव ‘अंदाज’. मीठ अंदाजाने, पाणी अंदाजाने, गुळाचा खडा अंदाजाने. अंदाज ही अडाणी माणसाची सबब नव्हे. ते हाताच्या बोटांत साठवलेले मोजमाप आहे. त्याची अडचण एकच, की ते शेजारी उभे राहिल्यावाचून दुसऱ्याच्या हाती जात नाही.

नोकरीच्या निमित्ताने जेव्हा नवराबायको दोघेच भिलाईला, दिल्लीला किंवा बंगलोरला जाऊन राहू लागली, तेव्हा ही अडचण उघडी पडली. शेजारी उभे राहायला कोणी नाही, आणि पुस्तकात शेर-मासे-तोळे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि घरोघर पोचले, त्याचे एक मोठे कारण त्यातले वाटी आणि चमचा हे प्रमाण. ज्या घरात तराजू नव्हता, त्या घरातही वाटी होती. लग्नात नव्या नवरीला हे पुस्तक भेट देण्याची चालच काही वर्षे पडून गेली होती. अंदाजाचे रूपांतर वाटीत करणे हे वरवर पाहता किरकोळ काम वाटते. परंतु ज्ञान एका घराच्या भिंतीबाहेर जाण्यास तेवढेच हवे होते.

आता या साध्यातल्या साध्या पदार्थाकडे, म्हणजे वरणाकडे पाहावे. तुरीची डाळ धुऊन, चिमूटभर हळद आणि हिंग घालून मऊ शिजवायची, घोटायची, मीठ आणि हवा असल्यास गुळाचा लहानसा खडा घालून सारखी करायची. फोडणी नाही, मसाला नाही. लपण्यास जागाच नसल्यामुळे ती करणाराची परीक्षा पाहते. डाळ नीट शिजली नसेल तर ती तळाशी बसते आणि वर पाणी तरंगते. जास्त पातळ झाली तर भातातून वाहून जाते. याच डाळीची आमटी करायची असेल, तर चिंच किंवा आमसूल डाळ पुरती शिजल्यावर घालायचे, आधी नव्हे, हा नियम प्रत्येक जाणती बाई पाळते. त्यामागचे रसायन असे, की आंबटपणामुळे डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारा पदार्थ लवकर सुटत नाही आणि दाणा कडकच राहतो. नियम आधीचा, कारण मागाहून कळलेले. स्वयंपाकघरातले पुष्कळसे शास्त्र अशाच क्रमाने आले आहे.

वरणात भात कालवला, की त्यात आणखी एक गोष्ट घडते. ती मात्र डोळ्यांना दिसत नाही. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. उलट, डाळीत जे गंधकयुक्त घटक तोकडे पडतात, ते तांदळात पुरेसे असतात. दोन उणी माणसे एकमेकांना सांभाळून संसार करतात, तसा हा प्रकार. म्हणूनच वरण-भात, पिठले-भाकरी, उसळ-पोळी, मुगाची खिचडी या जोड्या टिकल्या. त्या केवळ जिभेने ठरवलेल्या नाहीत, शरीरानेही त्यांना पसंती दिलेली आहे.

परंतु जोडी जमायची तर प्रमाण हवे, आणि प्रमाणाचा प्रश्न आला की खिशाचा प्रश्न येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर असे माप धरले आहे. धान्याला डाळ ढोबळमानाने तिनास एक. चार माणसांच्या घरात सगळ्यांना हेच माप लावले, तर महिन्याला सुमारे दहा किलो डाळी आणि कडधान्ये लागतात. लहान मुले असतील तर थोडी कमी. वाण्याकडे जाणाऱ्या किती याद्यांत हा आकडा सापडेल? पाहुणे आले तर वरणात पाणी घालायचे आणि महिनाअखेर आली तरीही पाणीच घालायचे, हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. २०१५ च्या शरद ऋतूत तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा तो कित्येक घरांत नव्याने आठवला. तुरीचे पीक पावसावर अवलंबून, पाऊस सलग दोन वर्षे चुकलेला. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, भारत सरकारने तुरीच्या आयातीसाठी मोझांबिकशी करार केला. वरणाच्या वाटीचा संबंध आफ्रिकेच्या किनाऱ्याशी असा जुळला. वाटी मात्र होती तेवढीच राहिली.

या बाबतीत मराठी स्वयंपाकाने एक युक्ती केली आहे. तिची दखल घेतली पाहिजे, कारण ती सहज नजरेत भरत नाही. त्याने डाळ सगळीकडे लपवून ठेवली आहे. शेपूच्या भाजीत मुगाची डाळ असते. अळूच्या फदफद्यात हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे असतात. कोबीत भिजवलेली डाळ, काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचा कूट, मेथीवर पेरलेले बेसन. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि गहू यांच्या जोडीला हरभरा डाळ आणि उडीद भाजून घातलेले असतात. आजाऱ्याच्या मऊ भातावर पडणारे मेतकूटही मुळात भाजलेल्या डाळींचेच पीठ. घरात वाणसामान आटले, की पिठले. चमचाभर तेल, एक कांदा, दोन मिरच्या आणि वाटीभर बेसन एवढ्यावर चार माणसे जेवतात, आणि तक्रार करीत नाहीत. उलट, कित्येकांना त्या दिवशी दोन घास जास्तच जातात.

मोड आलेल्या कडधान्याचे तर वेगळेच. मटकी रात्री भिजत घालावी, सकाळी उपसून फडक्यात बांधावी. दुसऱ्या दिवशी तिला बोटाच्या पेराएवढे मोड आलेले असतात. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व या अवधीत तयार होते, आणि लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते. यासाठी ना विस्तव लागला ना पैसा. लागला तो फक्त परवाच्या जेवणाचा विचार आज करण्याचा कंटाळा नसणे.

येथवर ज्या पानाचे वर्णन केले, ते डावे-उजवे नीट वाढलेले पान आहे : वरच्या बाजूला मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भाताची मूद. हे पान सगळ्या महाराष्ट्राचे कधीच नव्हते. देशावरच्या शेतकऱ्याच्या घरी जेवण म्हणजे भाकरी आणि तिच्याबरोबर कोरड्यास जे काही मिळेल ते : ठेचा, कांदा, आमटी, पिठले, हंगामात हरभऱ्याचा किंवा घोळीचा पाला. सात वाट्यांचे शास्त्र त्याच्या दोन जिनसांतच आटोपलेले असे, आणि गंमत अशी, की धान्य आणि डाळ यांची जोडी तेथेही शाबूत होती. मांसाहार ज्यांना वर्ज्य नव्हता, त्यांच्याही घरी तो रविवारचा, जत्रेचा किंवा पाहुण्यांचा. आठवड्याचे उरलेले वार डाळभाजीचेच. शाकाहारी जेवण हे एखाद्या जातीचे किंवा व्रताचे जेवण आहे, असा जो एक समज आहे तो म्हणून अपुरा आहे. महाराष्ट्रात ते प्रामुख्याने कामाच्या दिवसाचे जेवण आहे.

भाकरी करणे पोळीपेक्षा अवघड, हे मात्र शहरात वाढलेल्यांना पटवून द्यावे लागते. गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो. ज्वारीच्या पिठाला तो नाही. म्हणून गरम पाण्याने मळायचे, एका वेळी एकाच भाकरीपुरते, आणि तळव्याने थापत थापत गोल वाढवायचे. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते सुकायच्या आत उलटायची आणि मग विस्तवावर फुगवायची. विदर्भ-मराठवाड्यात आणि सोलापूरकडे ज्वारी, नगर-नाशिककडे बाजरी, कोकणात तांदूळ आणि नाचणी, खानदेशात उडीद घालून दळलेल्या कळण्याची. पोळी हा देशावरच्या खेड्यांत सणावाराचा जिन्नस होता. तो रोजचा झाला तो रेशनवर आलेल्या गव्हामुळे, आणि पुढे हरितक्रांतीनंतर गहू स्वस्त झाल्यामुळे. १९७२ च्या दुष्काळात माणसांनी परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला. त्याच्या भाकरीची चव त्या पिढीच्या तोंडातून कधी गेली नाही. आज ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली आहे, संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले, आणि ज्या नाचणीला एके काळी गरिबीची खूण मानीत, तिच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते हे आता डब्यांवर छापून येते. नाचणी तीच, तिच्याकडे पाहणारे बदलले.

एकूण ‘परंपरागत’ हा शब्द स्वयंपाकघरात जपूनच वापरावा. मिरची, शेंगदाणा, बटाटा आणि टोमॅटो ही चारही मंडळी मूळची अमेरिकेकडची, आणि ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतरच या देशात आली. उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोही तिकडचाच. दाण्याच्या कुटावाचून ज्यांची कोशिंबीर होत नाही आणि मिरचीवाचून ज्यांचा ठेचा होत नाही, त्या घरांनी ही पाहुणी मंडळी इतकी आपलीशी केली, की त्यांना परकी म्हटल्यास आज कोणाला खरे वाटणार नाही. हिंगाची गोष्ट तर याहून मौजेची. तो नसेल तर वरणाला वास नाही आणि फोडणीला प्राण नाही. पण हा हिंग शतकानुशतके अफगाणिस्तान आणि इराण या देशांतून येत राहिला. त्याच्या लागवडीचा प्रयोग भारतीय शास्त्रज्ञांनी हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या खोऱ्यात केला तो २०२० च्या ऑक्टोबरात.

ज्या अन्नाने इतके बाहेरचे स्वीकारले, त्याला बाहेर जाऊन राहणेही जड गेले नाही. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांची कहाणी याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गोडा मसाला, आमसुले आणि मेतकूट यांची पुरचुंडी पुण्या-मुंबईहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर मागवता येते. भाजी मात्र तेथल्याच मंडईतून घ्यावी लागते. दिल्लीच्या भाजीवाल्याकडे थंडीत जो बथुआ दिसतो, तो आपला चाकवत आहे, हे एखाद्या बाईच्या लक्षात येते आणि त्या दिवशी तिच्या घरी ताकातली पातळ भाजी होते. हैदराबादेत ज्याला गोंगुरा म्हणतात, ती अंबाडी. कलकत्त्याचे कलमी शाक म्हणजे नाळीची भाजी. मद्रासकडची मुरुंगै म्हणजे शेवगा, उत्तरेतला सहजन म्हणजेही शेवगाच. उत्तरेतील चौलाई आणि बंगालमधले नोटे शाक या दोघांनाही मराठी माठ आपल्या भाऊबंदांत मोजू शकतो. नावे ओलांडली की अर्धा प्रांत ओलांडल्यासारखा होतो. इंदूरच्या मराठी घरांनी पोह्यांवर शेव आणि जिरावन स्वीकारले, बडोद्याच्या घरांतील आमटी गुजराती डाळीच्या अंगाने किंचित गोड झाली, आणि बंगालमध्ये राहणाऱ्यांनी तुरीच्या जागी मसूर आणि मूग चालवून घेतले. यात काही बिघडले असे मानण्याचे कारण नाही. पालेभाजीला तेलाची फोडणी हवी, कारण तिच्यातील कॅरोटिन स्निग्ध पदार्थाच्या सोबतीने अंगी लागते. तिच्याबरोबर लिंबू हवे, कारण आंबट फळातील क जीवनसत्त्व पाल्यातील लोह शोषून घेण्यास मदत करते. आणि जेवणाच्या शेवटी ताक हवे, कारण शाकाहारी माणसाला ब-१२ हे जीवनसत्त्व दूधदुभत्याखेरीज सहसा मिळत नाही. एवढे सांभाळले, तर भाजीचे नाव कोणत्या भाषेतले आहे हे पोट विचारीत नाही. जेवण होताच चहा घेण्याची सवय मात्र लोहाच्या मुळावर येते, ती कोणत्याही प्रांतात असो.

आता हिशेबाच्या दुसऱ्या बाजूकडे वळावे लागेल. जमेच्या बाजूला हे सगळे पोषण. खर्चाच्या बाजूला धान्य, तेल, भाजी आणि गॅस. ज्या गोष्टीवर सर्वांत अधिक खर्च होतो, ती या वहीत लिहिलेलीच नसते. ती म्हणजे करणाराचा वेळ. २०१९ मध्ये देशभर झालेल्या वेळ-वापराच्या सरकारी पाहणीत असे आढळले, की सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्के स्त्रिया रोज घरकाम करतात आणि करणारी प्रत्येक स्त्री त्यात सरासरी २९९ मिनिटे घालवते. पुरुषांपैकी २६ टक्के घरकामाला हात लावतात. त्यांची सरासरी ९७ मिनिटे. यात केवळ स्वयंपाक येत नाही, झाडलोट आणि धुणेही येते. परंतु पाच तासांतील मोठा वाटा चुलीपाशी जातो हे सांगायला पाहणीची गरज नाही. प्रेशर कुकरने डाळ, भात आणि बटाटे एकावर एक रचून एकाच विस्तवावर शिजवण्याची सोय केली. २०१६ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत गॅसची जोडणी नेली आणि जेथे सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडले, तेथे डोळ्यांतला धूर गेला. पोळ्या मात्र अजूनही एकेकच लाटाव्या लागतात.

या कामाची किंमत एका ठिकाणी मात्र रुपयांत मोजली गेली, ती मुंबईच्या गिरणगावात. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणीकामगार कुटुंब गावी ठेवून एकेकटे राहत, आणि महिन्याच्या बोलीवर एखाद्या खानावळवाल्या बाईकडे जेवत. भाकरी, भात, कालवण, डबा गिरणीच्या दारापर्यंत. ती बाई पहाटे उठे, वाण्याकडून उधारीने किराणा आणी, अडीनडीला सावकाराकडे दागिना ठेवी, आणि कामगारांचा पगार झाला की ते पैसे तिच्या हातातून वाण्याकडे आणि सावकाराकडे जात. वीस माणसांना जेवू घालणारी ही बाई जनगणनेच्या भाषेत बहुधा ‘घरकाम करणारी’च ठरत असणार. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवले. बँकेने कर्ज द्यायचे तर व्यवसाय कोणता, भांडवल किती, नफा किती, हे कागदावर यावे लागते. साध्या जेवणाचा असा कागद झाला, तोपर्यंत त्याची गरज कोणाला भासली नव्हती. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि खानावळींचे गिऱ्हाईकही पांगले. परंतु पोळी-भाजी केंद्रांच्या रूपाने तोच धंदा शहरोशहरी नव्याने उभा राहिला आहे. एक पोळी किती रुपयांना पडते, हे आता पाटीवर लिहिलेले असते. घरात सकाळी सोळा पोळ्या लाटल्या जातात, तेव्हा ती पाटी कोणाला आठवत नाही.

खर्चाच्या बाजूला आणखी एक नोंद राहते, आणि ती वेळेपेक्षाही गंभीर आहे. जेवण करणारी शेवटी जेवते. आधी पुरुष, मग मुले, मग वडीलधारी माणसे, किंवा यापैकी कोणताही क्रम. वाढणारी शेवटी, हे ठरलेले. ती पानावर बसते तेव्हा भाताची खरवड उरलेली असते, भाजीच्या पातेल्याला तळाशी मसाला लागलेला असतो, वरण पुरवण्यासाठी दोनदा पाणी घातलेले असते, आणि लिंबाची फोड पिळून झालेली असते. धान्य तिला मिळते. डाळ, पाला आणि दही यांतच कपात होते. म्हणजे ज्या जोड्यांमुळे हे पान पोषक ठरते, नेमक्या त्याच जोड्या तिच्या पानात मोडलेल्या असतात. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. याची कारणे अनेक आहेत. मासिक पाळी आहे, बाळंतपणे आहेत, जंत आहेत, मुळात धान्यावरच भागवणारी गरिबी आहे. पानाचा क्रम हे एकमेव कारण नव्हे. परंतु बाकीची कारणे दूर करण्यास दवाखाने, औषधे आणि पैसा लागतो, आणि या एका कारणाला यांपैकी काहीच लागत नाही.

काही घरांतून यावर एक जुनी तोड होती, आणि ती करणारी बहुधा सासूच असे. भाजी उतरवली, की पहिला डाव तिच्याकरिता झाकून बाजूला काढायचा, आणि मग पातेले पानांकडे न्यायचे. गर्भार सुनेसाठी हे हमखास होई, एरवीही होई असे नाही. अलीकडे पातेली मध्ये ठेवून सगळ्यांनी एकदमच बसायचे, ज्याने त्याने वाढून घ्यायचे, ही पद्धत पुष्कळ घरांत आली आहे. तिच्यामुळे वाढपाचा सोहळा गेला म्हणून हळहळणारे आहेत. ताटातील डावे-उजवे त्यात राहत नाही हे खरे. पण उरलेली भाजी पाच जणांना सारखीच कमी पडते.

या पद्धतीला अडते ती एकच वस्तू, तव्यावरची पोळी. ‘पोळी गरमच हवी’ हा हट्ट ज्या घरात आहे, त्या घरात एक माणूस उभेच राहते. बाकीचे जेवत असताना ते लाटत असते आणि शेवटी स्वतः गार पोळी खाते. वास्तविक मराठी घडीची पोळी ही या हट्टासाठी केलेलीच नाही. कणीक सैलसर मळून अर्धा तास तेलाच्या हाताने झाकून ठेवली, लाटताना घडीत तेल आणि चिमूटभर पीठ लावले, आणि भाजून झाल्यावर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली, की तिचे पदर सुटे राहतात आणि ती सकाळची दुपारपर्यंत मऊ असते. शेतावर, कचेरीत आणि आगगाडीत तीच जाते. डबा उघडताना तिला वाफ येत नाही, एवढाच काय तो फरक. आणि तिच्याबरोबर, सगळ्या पानांबरोबर, आणखी एक पान मांडता येते.